लेकराच्या तारखा

कार्ड काढा. लस टोचायला जाताना पिशवीत घालता ते, माता-बाल संरक्षण कार्ड. ज्यांनी आणलं नाही त्यांनी शेजारणीच्या कार्डात बघा. वजनाचा तक्ता नको, लसींची पानं नकोत. जिथे लहान बाळांची चित्रं छापली आहेत ते पान उघडा. कुणी हसतंय, कुणी मान उचलतंय, कुणी आधाराशिवाय बसलंय, कुणी धरून उभं राहिलंय. आता खरं सांगा, या पानावर बोट ठेवून तुमच्यापैकी किती जणांनी वाचलं?

गप्प का? तुमच्यातली निम्मी मंडळी माझ्याकडे बाराखडी गिरवून गेली आहेत, तेव्हा 'बाई, वाचता येत नाही' ही सबब माझ्यापुढे चालायची नाही. दुकानाची उधारी वाचता, कारखान्याच्या पावत्या वाचता, सोयाबीनचा भाव सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर बघता. आपल्या लेकरानं कोणत्या महिन्यात काय करायला हवं हे ज्या पानावर लिहिलंय, तेवढं एकच पान तुमच्या नजरेला पडत नाही.

लसीच्या तारखा पाळता, हे मी नाकारत नाही. जन्मल्यावर, मग सहावा, दहावा, चौदावा आठवडा, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. चुकली तर आशाताई दारात येऊन उभी राहते, म्हणून का होईना, पाळता. पण सुई टोचली, रात्री ताप आला, सकाळी उतरला, की कार्ड पुन्हा ट्रंकेत. मधल्या काळात लेकरू काय करायला लागलं आणि काय करायचं राहिलं, हे कुणी लिहीत नाही, कुणी विचारत नाही.

पहिलीत माझ्याकडे एक मुलगा आला होता. बापानं दाखला हातात देतानाच, पोराच्या देखत सांगितलं, "बाई, हा जरा मंद आहे, मागं बसवा." तो मंद नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि एवढं कळायला त्या घराला सहा वर्षं पुरली नव्हती. मी त्याच्या आजीला बोलावून विचारलं, तान्हेपणी कसा होता? म्हणाली, "लई गुणी लेकरू, बाई. हुंकार द्यायचं, आवाज काढायचं. सात-आठ महिन्यांचं झालं अन् गप पडलं. दृष्ट लागली." त्या माउलीनं सगळं पाहिलं होतं. महिनासुद्धा तिच्या बरोबर ध्यानात होता. पण पाहिलेल्याचा अर्थ विचारायला घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर पडलं नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि विषय मिटवला.

नीट ऐका. जन्मापासून बहिरं असलेलं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं. तो आवाज ऐकून आलेला नसतो, घशाचा खेळ असतो, म्हणून त्यावरून 'आमच्या बाळाला ऐकू येतं' असं ठरवू नका. सहाव्या महिन्यानंतर ऐकणाऱ्या बाळाची बडबड वाढत जाते, 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं, घरातल्या बोलण्याची चाल त्यात उतरते. ऐकू न येणाऱ्याचे आवाज तिथेच थांबतात आणि मग विरळ होत जातात. त्या आजीनं जे सांगितलं ते तंतोतंत हेच होतं.

आणि बाळाला ऐकू येतं का हे बघायला ताट आपटणं बंद करा. ताट आपटलं की जमीन हादरते, तुमचा हात हललेला दिसतो, बाळ त्यानंही दचकतं. शिवाय थोडं ऐकू येणाऱ्या बाळाला तेवढा मोठा आवाज कळतो, बोलणं मात्र कळत नाही. बाळाला दिसणार नाही असं मागे उभं राहा, खुळखुळा हलवा, हळू आवाजात हाक मारा. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. नाही वळवली तर तपासणीला न्या. झोपलेल्या तान्ह्याच्या कानात लहानसं यंत्र धरून काही मिनिटांत होणारी तपासणी असते, टोचत नाही, दुखत नाही. कानाच्या डॉक्टरांनी त्याचा साधा हिशेब घालून दिला आहे: पहिल्या महिन्यात पहिली तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. दर हजार बाळांमागे एखाद-दुसरं ऐकू न येणारं जन्मतं. त्या पोराची साडेपाच वर्षं फुकट गेली. भाषा शिकायची सगळ्यांत सुपीक वर्षं होती ती, पहिलीच्या वर्गात मी ती त्याला कुठून आणून देणार होते?

"होईल हळूहळू." या गावात या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. मान धरत नाही? होईल हळूहळू. बसत नाही? अंगानं जड आहे, होईल हळूहळू. बोलत नाही? याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता. पाढे कधी पाठ केले नाहीत, या सबबी मात्र तुम्हाला मुखोद्गत आहेत.

बाळाचं शरीर वरून खाली ताब्यात येत जातं. आधी मान, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हाताचंही तसंच, आधी अख्खी मूठ, शेवटी चिमूट. म्हणून मान सावरली नसताना 'बसेल की' म्हणण्याला काही अर्थ नसतो. ज्या टप्प्यावर अडलं त्याच्या पुढचं सगळं अडतं, आणि अडलंय कुठे हे लवकर बघितलं तर कळतं.

दुसऱ्या महिन्यात बाळानं तुमच्या तोंडाकडे बघून हसायला हवं. झोपेत सटवाई हसवते म्हणता ते हसू वेगळं. हे हसू तुमच्या हसण्याला दिलेलं उत्तर असतं. तिसरा महिना संपला तरी ते आलं नाही, नजर तुमच्या चेहऱ्यावर ठरत नाही, हलत्या वस्तूमागे डोळे फिरत नाहीत, तर चौथ्या महिन्याची वाट बघायची नाही. चौथ्या-पाचव्यात मान ठाम हवी. सहाव्याच्या आसपास ते पालथं पडतं, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेतं. नववा संपेपर्यंत आधाराशिवाय बसतं, स्वतःचं नाव ऐकलं की वळून बघतं, अनोळखी माणसाकडे गेलं की रडतं. त्या रडण्याला 'माणूसघाणं' म्हणू नका. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळायला लागलंय, आनंद माना. दहाव्याच्या सुमाराला जमिनीवरचा भाकरीचा कण ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतं. वर्षाचं होता होता धरून उभं राहतं, टाटा करतं, हवं ते बोटानं दाखवायला शिकतं, आणि एखादा शब्द आईला किंवा बाबाला उद्देशून म्हणतं.

अंघोळ घालणाऱ्या बाईला यातलं पुष्कळ सगळ्यांच्या आधी कळतं. तीन महिने उलटले तरी मुठी घट्ट मिटलेल्या, अंगठा आत दाबलेला, मांड्या धुवायला पाय फाकवले तर फाकत नाहीत, एकावर एक चढतात. किंवा उलट, हातात घेतलं की बाळ निसटून जाईल इतकं ढिलं. तिला विचारता तुम्ही? तिला साडी-चोळी देता आणि वाटेला लावता. यापुढे तिला रोज विचारायचं, मावशी, अंग कसं लागतं हाताला?

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही कौतुकानं सांगता. "बाई, आमचं डावखुरं होणार, सातव्या महिन्यापासून डाव्या हातानंच सगळं घेतं." वर्षाच्या आतलं बाळ हात निवडत नसतं, दोन्ही हात सारखे वापरतं. ते एकच हात पुढे करत असेल तर दुसऱ्या हातात बळ आहे का, हे बघायला हवं. कौतुक नंतर करा.

तिरुअनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. जन्मापासून दोन वर्षांपर्यंतच्या फक्त १७ गोष्टी, प्रत्येकीसमोर एक आडवी रेघ, ती गोष्ट साधारण कोणत्या महिन्यात सुरू होते आणि कोणत्या महिन्यापर्यंत यायलाच हवी हे दाखवणारी. बाळाच्या वयावर पट्टी उभी धरायची. जी रेघ पट्टीच्या डावीकडे संपली आणि ती गोष्ट बाळाला येत नाही, तिथे डॉक्टरकडे जायचं. पाच-सात मिनिटांचं काम आहे, त्याला महागडं यंत्र लागत नाही. आपल्याच देशात, अंगणवाडीताईच्या हातात देता येईल इतका सोपा करून ठेवलेला तो तक्ता आहे, आणि त्याला ३० वर्षं उलटून गेलीत.

आता आपल्या घरातल्या रीतीकडे येते. पहिलं बाळंतपण माहेरी. ठीक आहे, आईच्या हाताखाली पोरगी सावरते. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येऊन बाळाला बघते, ती माहेरची आशा. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा घरभेटी, या २०१८ पासून ठरलेल्या. पण तोवर बाळ सासरी आलेलं असतं. माहेरच्या आशेच्या वहीतून नाव निघालं, सासरच्या आशेच्या वहीत चढलं नाही. कार्ड माहेरच्या कपाटात राहिलं. तिसऱ्या महिन्याची भेट कुणीच घेतली नाही, सहाव्याची घेतली तेव्हा 'पुढच्या वेळी या, बाळ झोपलंय'.

या गावाला मी दोन गावांची व्यवस्था शिकवायची? आपला खंडोबा अणदूरचा आणि नळदुर्गचाही. मूर्ती एक, मंदिरं दोन. देव इकडून तिकडे जायची वेळ आली की दोन्हीकडची मानकरी मंडळी बसतात, लेखी करार होतो, मगच पालखी हलते. देव कधी निघणार, कधी परतणार, कुणाच्या ताब्यात राहणार, यात दिवसाचा घोळ तुम्ही होऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग तीन महिन्यांचं लेकरू एका गावातून दुसऱ्या गावात जातं तेव्हा एक कागद हलवायला तुम्हाला काय होतं? माहेरहून निघताना ओटी भरता, पाळणा देता, दुपटी-झबली गाठोड्यात बांधता. त्या गाठोड्यात सगळ्यांत वर कार्ड ठेवायचं, आणि सासरी पाय ठेवल्यावर त्याच आठवड्यात अंगणवाडीत जाऊन नाव घालायचं. ही जबाबदारी सुनेची नव्हे. ती ओली बाळंतीण आहे. सासऱ्यानं जायचं, नवऱ्यानं जायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना मी रागावणार नाही. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेलेली बाई फडात झोळी बांधून लेकराला निजवते आणि मोळ्या उचलते, तिला महिने मोजायला कुणी सवड दिलेली नाही. तिला एवढंच सांगते, कार्ड बरोबर घेऊन जा, जिथे टोळी उतरेल तिथल्या अंगणवाडीत दाखव. रागावते ती मागे गावात राहणाऱ्या आपल्यावर. चैत्रात ती परत आली की तिच्या लेकराला कोण बघतं? दोन महिन्यांचं गेलेलं आठ महिन्यांचं होऊन येतं, मधला सगळा काळ नोंदीवाचून गेलेला असतो. तिच्या झोपडीकडे सगळ्यांत आधी कुणीतरी जायला हवं, आणि आपण सगळ्यांत शेवटी जातो.

दुसऱ्या एखाद्या गावानं 'आम्हाला कुणी सांगितलं नाही' म्हटलं तर मी एक वेळ ऐकून घेईन. अणदूरनं म्हणू नये. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्यानं शहर सोडून याच गावात हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम मांडलं, जानकी रुग्णालय उभं केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि आपला जिल्हा उद्ध्वस्त झाला, त्या काळापासून या परिसरातल्या खेड्यापाड्यांत जेमतेम शिकलेल्या बायका 'भारतवैद्य' म्हणून तयार झाल्या. साधे आजार ओळखायला, गरोदर बाईवर, बाळंतिणीवर, तान्ह्यावर लक्ष ठेवायला त्या शिकल्या. २००५ मध्ये सरकारनं 'आशा' नेमायला सुरुवात केली, त्याच्या आधीची ही गोष्ट. चुलीपुढून उठून आलेल्या त्या बायकांनी जे शिकून घेतलं ते बारावी झालेल्या, पदवी घेतलेल्या तुम्हाला जड जातं? त्यांच्यातल्या कुणाची तरी नातवंडं तुम्ही आज मांडीवर घेऊन बसला असाल.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. हसू नका, तुमचाही नंबर आहे. यांचं बाळ सहा महिन्यांचं झालं की जावेच्या बाळाशी शर्यत सुरू. तिचं रांगलं, आमचं का रांगत नाही? तिचं दहाव्यात चाललं. मग बाजारातून चाकांचा वॉकर येतो, बसता न येणाऱ्याला त्यात लोंबकळत ठेवतात, आणि ते पायाच्या बोटांवर ढकलत घरभर फिरलं की टाळ्या. वॉकरनं चालणं लवकर येत नाही, उलट थोडं लांबतं असं दिसून आलं आहे, आणि चुलीपर्यंत, पायरीपर्यंत पोचायला मात्र तो फार उपयोगी पडतो. कॅनडानं २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहता येणाऱ्या बाळानं स्वतःच्या पायावर तोल धरून ढकलायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांवर नजर ठेवली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. कुणी आठव्या महिन्यात एकटं चाललं, कुणी साडेसतराव्या. दोघंही ठणठणीत. शंभरातली चारेक बाळं गुडघ्या-हातांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. तेव्हा जावेच्या बाळाकडे बघून आपल्या सुनेला टोचणं बंद करा. पण 'होईल हळूहळू'वाल्यांनी या आकड्यांवर लगेच उडी मारू नये. साडेसतरा महिने म्हणजे शेवट आहे. दीड वर्ष उलटलं आणि पाऊल टाकत नाही, तर त्या बाळासाठी 'काही बाळं उशिरा चालतात' हे वाक्य उरलेलं नाही. मुदतीला सुरुवात असते तसा शेवटही असतो, आणि तुमच्यातल्या एका गटाला फक्त सुरुवात दिसते, दुसऱ्याला दोन्ही दिसत नाहीत.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांचा हिशेब वेगळा. आठ आठवडे आधी आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं तरी त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाएवढीच अपेक्षा करायची. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं. लस मात्र जन्मतारखेनुसार. अशा बाळाला आणि जन्मल्यावर न रडलेल्या, काचेच्या पेटीत राहिलेल्या, कावीळ फार चढलेल्या बाळाला सगळं ठीक दिसत असतानाही ठरल्या तारखांना दाखवायचं असतं. 'पेटीतून सुखरूप आलं, आता कशाला दवाखाना' असं म्हणून घरी बसलेली चार घरं तरी मला आत्ता समोर दिसताहेत.

सासवांनो, आता तुमच्याशी बोलते, आणि मानानंच बोलते. बाळंतिणीला शेवटी जेवायला वाढता, वर तिचे उपवास चालू ठेवता. तिच्या पोटात दूध नाही, अंडं नाही, मांसमच्छी तर नाहीच. तिच्या अंगात ब-१२ जीवनसत्त्व नसेल तर दुधात कुठून उतरणार? मग सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान काय होतं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी ते पाहिलंही असेल. बाळ वरून गुटगुटीत, पण पांढरं फटक. केस तांबूस आणि विरळ, बोटांच्या पेरांवर काळपटपणा. हसायचं ते हसेनासं होतं, बसायचं ते लवंडतं, कुणाकडे बघत नाही, आणि पुढे हातपाय, मान थरथरायला लागते. यावर उतारा आणि अंगारा करत महिना घालवलेली घरं आहेत. वेळेत ओळखलं तर ब-१२ ची इंजेक्शनं आणि नीट आहार यांनी असं बाळ काही दिवसांत डोळे उघडून बघायला लागतं. फार उशीर झाला तर बुद्धीवर झालेला घाव राहून जातो. येणारी गोष्ट उशिरा आली तर तपासायचं. पण आलेली गोष्ट गेली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर, मग बाळाचं वय काहीही असो.

उष्टावणाला मुहूर्त मिळेना म्हणून आठवा महिना उजाडू देऊ नका. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, मोडाच्या कडधान्याचं घट्ट वरण, अंडं चालत असेल तर अंडं. आणि सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध, जे आशाताई बाटलीसकट घरी देऊन जाते. ती बाटली तुमच्या देव्हाऱ्याशेजारी अर्धी भरलेली पडली आहे, मला माहीत आहे. शी काळी होते म्हणून बंद केलंत ना? होऊ द्या काळी.

मोबाइल. समोर धरल्याशिवाय घास घेत नाही, असं सांगताना तुम्हाला लाज वाटायला हवी. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. पुण्याला कंपनीत असलेल्या बापानं व्हिडिओ कॉलवर लेकराशी बोलावं, ते चालतं, कारण तिथे समोरून उत्तर येतं. बाळानं हुंकार दिला की माणूस हुंकार देतो, बाळ हसलं की माणूस हसतो. त्या देवाणघेवाणीतूनच बोलणं उगवतं. मोबाइलमधलं गाणं बाळ गप्प आहे की रडतंय याची वाट न बघता चालू राहतं. तुमच्या आजीनं अंघोळ घालताना, टाळू भरताना, पायावर झुलवताना बाळाशी किती बडबड केली असेल ती आठवा. तोंडापुढे पदर धरून 'बुवा कुक' करायला काही खर्च येत नाही, आणि पदराआड गेलेली आई तिथेच आहे हे बाळ त्यातून शिकतं. सहा-सात हजारांचा पाळणा, त्याला लटकवलेली बॅटरीची खेळणी, आणि बाळाशी दिवसभरात बोलायला घरात कुणी नाही, अशी घरं आता अणदुरातही झाली आहेत.

तुम्ही, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले बाप. पुढे या, बसा. बायकोला सोडायला आलात आणि बाहेर गाडीवर बसून राहणार होतात. तुमचं लेकरू पालथं कधी पडलं? तुम्हाला विचारतेय, तिला नाही. ट्रॅक्टरचा हप्ता किती तारखेला असतो ते सांगता येतं आणि हे येत नाही. आणि तपासणीसाठी बायकोनं 'सोलापूरला जाऊ' म्हटलं की 'आता पेरणी आहे', 'आता काढणी आहे', 'आता लग्नसराई आहे'. लेकराची वाढ पेरणीसाठी थांबून राहत नाही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडी तपासणीचं आरोग्य पथक येतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ पासून. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर या चारही गोष्टी ते बघतं. पुढचे उपचार मोफत आहेत. त्या दिवशी लेकराला अंगणवाडीत आणून बसवायचं एवढंच तुमचं काम, आणि त्या दिवशी अर्ध्या जागा रिकाम्या असतात.

का असतात, तेही मला ठाऊक आहे. लपवता म्हणून. नाव कागदावर चढलं तर चर्चा होईल, धाकटीचं लग्न अडेल, भावकी बोलेल. मग दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवायला बसता. ग्रहणात हिनं भाजी चिरली. हिच्या माहेरीच असं कुणीतरी आहे. बाळाच्या मानेत बळ नाही त्याचा आणि विळीचा संबंध काय? सुनेला रडवून लेकराच्या पाठीत ताकद येणार आहे? त्या पोरीला रात्ररात्र झोप नाही, तिला सगळ्यांत आधी कळलं होतं, ती दोनदा म्हणालीही होती, आणि तुम्ही तिला 'तुला काय कळतंय, आम्ही पाच वाढवली' म्हणून गप्प केलंत.

काही लेकरं वेळेत बघूनही इतरांच्या बरोबरीला येणार नाहीत. हे मी झाकून ठेवणार नाही. मेंदूला जन्मताच इजा झालेलं एखादं लेकरू कदाचित कधीच एकटं चालणार नाही. पण लवकर व्यायाम सुरू झाले तर त्याचे सांधे आखडणार नाहीत, त्याला टेकून बसता येईल, हातात चमचा धरता येईल, हवं-नको सांगता येईल. चालण्याइतकंच हेही मोठं आहे, त्या लेकराला विचारा. आणि दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यानं सहा ते अठरा वर्षांपर्यंत त्याला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ते वर्गात येणार, दारात चढण नसेल तर आपण ग्रामपंचायतीकडून बांधून घेऊ, त्यासाठी अर्ज कसा लिहायचा हे मी तुम्हाला चौथीत शिकवलं आहे.

आता एकेकानं पुढे या. सहा महिन्यांच्या आतली बाळं डाव्या बाजूला, मोठी उजव्या बाजूला. अंगणवाडीताईकडे खुळखुळा आणि पट्टी आहे. बापांनी बाळ आपल्या मांडीवर घ्यायचं. आणि तू, मघापासून नवव्या महिन्याच्या चित्रावर बोट ठेवून रडतेस ती, तू सगळ्यांत आधी ये. कुणाला विचारू नकोस, सरळ इकडे ये.